इथेच, मॅडम

“पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस?”

“इथेच, मॅडम.”

आणि मी हसले. कुत्सित हसले नव्हते, निदान तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं. शनिवारची दुपार होती, फर्स्ट शिफ्ट सुटून गेली होती. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याच्या ट्रेनिंग रूममध्ये आम्ही दोघंच. वर पंखा कुरकुरत होता आणि त्या मुलाच्या अंगाला मशीन गार ठेवणाऱ्या कूलंटचा तो तेलकट, किंचित गोडसर वास येत होता. कितीही साबण लावला तरी तो रविवारपर्यंत जात नाही आणि सोमवारी पुन्हा लागतोच. मुलगा दिंडोरी तालुक्यातला, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, आमच्याकडे सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, ट्रेनी. मुदत संपली की ट्रेनींना निरोप द्यायचा ही आमच्याकडची रीत, आणि निरोपाचं पत्र हातात ठेवायचं काम माझ्याकडे. पोरांना रिकाम्या हाताने पाठवायला जीव होत नसे, म्हणून शनिवारी जेवणानंतर मी त्यांची मुलाखतीची तयारी करून घ्यायची. कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, करू नको असंही कुणी म्हणालं नाही. पोरं त्याला ‘मॅडमचा क्लास’ म्हणायची. या मुलाला चाकणच्या एका मोठ्या कंपनीतून बोलावणं आलं होतं, पुढच्या बुधवारचं.

“अरे, इथेच काय?” मी म्हटलं. “समोरच्याला वाटेल, याला पुढे जायचंच नाही. असं म्हण,” आणि मी त्याला एक वाक्य दिलं. ‘पाच वर्षांत माझी तांत्रिक कौशल्यं वाढवून एका टीमची जबाबदारी घेण्याच्या स्थितीत मला स्वतःला पाहायला आवडेल, आणि कंपनीच्या वाढीबरोबर माझीही वाढ व्हावी अशी माझी इच्छा आहे.’ त्याने ते वहीत उतरवून घेतलं. मी चार वेळा म्हणवून घेतलं. ‘स्थितीत’ या शब्दाला तो अडखळायचा, म्हणून तिथे ‘पोझिशन’ घातलं. बुधवारी मुलाखत झाली, नोकरी लागली, पुढच्या शनिवारी तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. मी दोन पेढे खाल्ले आणि गोष्ट संपली.

सहा वर्षं झाली त्याला.

आता ही आठवण वर येण्याचं कारण म्हणजे माझाच आवाज. चार वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली आणि गंगापूर रोडवर घराच्याच मागच्या खोलीत करिअर कोचिंग सुरू केलं. या व्यवसायाची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेली, तिची प्रमाणपत्रं तासांवर मिळतात. पहिल्या पायरीला १०० तास, दुसऱ्या पायरीला ५००. दुसऱ्या पायरीला आपल्या सत्रांचं रेकॉर्डिंग द्यावं लागतं आणि त्यातला शब्दन् शब्द लिहूनही द्यावा लागतो. तर गेल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कानात इअरफोन घालून बसले होते. कुकरची शिट्टी झाली की रेकॉर्डिंग थांबवायचं, गॅस बारीक करायचा, पुन्हा लिहायला घ्यायचं. रेकॉर्डिंगमधली बाई नाशिकची, पुण्यातल्या आयटी कंपनीत मॅनेजर. तिच्या परवानगीनेच केलेलं. मी तिला एक चांगला प्रश्न विचारते. खरंच चांगला होता, ऐकताना मलाही तसं वाटलं. मग ती श्वास आत घेते. तो श्वास रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतो. आणि त्या श्वासाचा शब्द व्हायच्या आत मी बोलायला लागलेली आहे. “म्हणजे, तुला असं वाटतं का, की…” करून उत्तराचे दोन पर्यायसुद्धा मीच तिच्यापुढे ठेवलेत. ती बिचारी त्यातला एक उचलते.

मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं, पुढचा प्रश्न ऐकला, त्याच्या पुढचा ऐकला. सगळीकडे तेच. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधली टेपरेकॉर्डिंगं ऐकून हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात, मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. तेच शिक्षक तीन सेकंद थांबायला लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि एरवी तोंड न उघडणारी मुलंही बोलायला लागली. हे मी कितीतरी कार्यशाळांमध्ये स्लाइडवर दाखवलंय. स्लाइड बदलायच्या आधीही बहुधा एकच सेकंद थांबले असेन.

तर त्या रात्री भांडी आवरताना तो मुलगा आठवला. ‘इथेच, मॅडम.’ इथे म्हणजे कुठे, एवढंच विचारायचं होतं. आपल्या भाषेत ‘इथे’ हा केवढा ऐसपैस शब्द आहे. रिक्षावाल्याला ‘इथेच थांबवा’ म्हणतो ते इथे, गणित तपासताना ‘इथेच चुकतं तुझं’ म्हणतो तेही इथे, आणि म्हातारी माणसं जमिनीकडे बोट दाखवून ‘आता इथेच’ म्हणतात तेही. त्याचं इथे म्हणजे आमची कंपनी होती, जी त्याला महिन्याभरात निरोप देणार होती? ते मशीन होतं? नाशिक होतं, की रात्री घरी जेवायला जाता येईल एवढं अंतर? मी समजून टाकलं की या मुलाला महत्त्वाकांक्षा नाही.

‘इथेच’ला मी हसावं, हा तर आणखीच विनोद. माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. नोटा छापतात ती प्रेस, १९२८ पासूनची. आमच्या लहानपणी ‘प्रेसमध्ये लागलाय’ एवढ्यावर मुलगी द्यायचे लोक. ‘लागला’, ‘चिकटला’, ‘कायम झाला’, ‘मार्गी लागला’ ही त्या काळातली करिअरची क्रियापदं. सगळी स्थिरावण्याची, एकही वर चढण्याचं नाही. अण्णांनी छापून आलेले ताव तपासण्यात उभी नोकरी काढली. शाई कुठे फिकी, कुठे जास्त, रेघ कुठे सरकली. बढतीची खात्यातली परीक्षा त्यांनी कधी दिलीच नाही. आई चिडायची. ते म्हणायचे, “मला डोळे आहेत, साहेबाला खुर्ची आहे. दोघांचं बरं चाललंय.” आजही घरात लग्नपत्रिका आली की मजकूर वाचायच्या आधी ते ती उजेडाकडे तिरकी धरतात आणि सांगतात, लाल रंग केसभर खाली बसलाय. आम्हाला काही दिसत नाही. मग भिंग आणून पाहावं तर खरंच बसलेला असतो.

मी कोचिंग करते म्हणजे नेमकं काय करते, हे त्यांना समजवायला एक संध्याकाळ गेली. “म्हणजे सल्ला द्यायचा नाही?” नाही. “नुसतं विचारायचं?” हो. “आणि त्याचे पैसे?” हो, अण्णा. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “वकिलापेक्षा बरं.” शेजारच्या काकांची गंमत वेगळीच. त्यांनी पंचवटी एक्स्प्रेसने वर्षानुवर्षं मुंबईला अपडाऊन केलेलं, सकाळी सातच्या आसपास नाशिकरोडला डब्यात चढायचं ते रात्री उतरायचं. पासवाल्यांच्या त्या ‘आदर्श कोच’चे ते अभिमानी. त्यांना अण्णांनी सांगितलं, पोरगी कोच झाली. काका म्हणाले, “कितव्या नंबरचा?” पुढे वाचनात आलं की काका मुळीच चुकले नव्हते. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे, तिथे बनणाऱ्या घोडागाडीवरून हा शब्द युरोपभर गेला, आणि एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या पोरांनी परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिकवणीवाल्याला थट्टेने ‘कोच’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे मूळ अर्थ डबाच. माणूस आत बसतो, त्याला जायचं तिथे तो उतरतो. आता डबाच प्रवाशाला सांगायला लागला, इथे काय उतरतोस, पुढे चल, तर त्याला काय म्हणायचं?

आमच्या घरात महत्त्वाकांक्षा हा शब्द क्वचितच निघायचा, आणि निघाला की आवाज खाली करून. मला पाहायला आलेल्या एका स्थळाने मध्यस्थाकडून निरोप पाठवला होता: “मुलगी हुशार आहे, पण महत्त्वाकांक्षी वाटते.” त्या ‘पण’चा मी पुढे पंधरा वर्षं सूड घेतला. मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून शिकले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्यांचं ब्रीद. आमच्या घरी ती रात्री साडेदहानंतर यायची, मुलगी झोपल्यावर. अप्रेझलची मी वाट बघायची, इतर बायका दिवाळीची बघतात तशी. ‘वाढ’ या शब्दाचं मला तेव्हा वेड होतं. पगारवाढ, जबाबदारीत वाढ, व्यक्तिमत्त्वाची वाढ. एकदा लॅपटॉपवर माझ्याच ‘वाढीचा आराखडा’ भरत होते आणि अण्णा पानावरून म्हणाले, “वाढ गं.” मी दचकून वर पाहिलं. त्यांना भात हवा होता.

या वेडाच्या ऐन भरात कंपनीने आम्हा वीस जणांना मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. गार हॉल, जाड गालिच्याचा दमट वास, आणि सकाळी नऊ वाजता कानठळ्या बसवणारं संगीत. शिबिर घेणाऱ्याने गरुडाची गोष्ट सांगितली. गरुड चाळिशीला आला की डोंगरावर जातो, खडकावर चोच आपटून तोडतो, नवी येईपर्यंत उपाशी बसतो आणि मग आणखी तीस वर्षं जगतो. ही गोष्ट आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये निदान चारदा येऊन गेली आहे आणि ती सपशेल खोटी आहे. चोच तुटलेला गरुड उपाशी मरतो, दुसरं काही होत नाही. मग येल विद्यापीठाची गोष्ट आली. १९५३ सालच्या तुकडीतल्या फक्त ३ टक्के मुलांनी आपली ध्येयं लिहून काढली होती आणि वीस वर्षांनी त्यांची संपत्ती बाकीच्या ९७ टक्क्यांच्या एकूण संपत्तीपेक्षा जास्त निघाली. येलनेच नंतर सांगितलं की असा अभ्यास झालेलाच नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी पोटतिडकीने लिहून घेत होते.

नंतर सगळ्यांना एकेक कार्ड दिलं आणि आयुष्याचं ध्येय लिहायला सांगितलं. माझ्या शेजारी सिन्नरच्या एका कारखान्यातले सुपरवायझर होते, पन्नाशीचे, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पेनाच्या निळ्या शाईचा डाग. त्यांनी लिहिलं, ‘विहिरीपासून वरच्या वावरापर्यंत पाइपलाइन, पुढच्या उन्हाळ्याआधी.’ व्यासपीठावरच्या माणसाने नेमकं त्यांचंच कार्ड उचललं आणि माइकवर वाचलं. हॉल हसला. “काका, मोठं बघा, मोठं! देव विचारतोय काय पाहिजे, आणि तुम्ही पाइप मागताय?” टाळ्या. काकाही हसले. कार्ड परत आलं तेव्हा त्यांनी पाइपलाइन खोडली आणि खाली लिहिलं, ‘फॉर्च्युनर’. मीही टाळ्या वाजवल्या होत्या, हे इथे सांगायला हवं. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी ध्येयांवर अनेक दशकं काम केलं. त्यांचं म्हणणं असं की ‘होईल तेवढं कर’ म्हणण्यापेक्षा नेमकं आणि जरा अवघड ध्येय समोर असलं की काम चांगलं होतं. मुदत, मोजमाप, पेलेल एवढीच अवघड चढण. त्या हिशेबात बसेल असं ध्येय त्या अख्ख्या हॉलमध्ये बहुधा एकट्या काकांचं होतं.

तरी त्या शिबिराला नुसती नावं ठेवणं मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी दिवे मालवून आईवडिलांबद्दल काहीतरी बोलले, बासरी लावली, आणि अंधारात वीसच्या वीस जण रडलो. आमचे प्लँट हेड रडले. सोमवारी कुणी त्याचा विषय काढला नाही, पण पुढचा महिनाभर कॅन्टीनमध्ये ते रांगेत उभे राहून ताट घेत होते. मग पुन्हा केबिनमध्ये डबा जायला लागला.

खरी कोच मला एकोणचाळिसाव्या वर्षी भेटली, तीही फोनच्या पडद्यावर. त्या वर्षी वरची जागा रिकामी झाली होती आणि ती मला मिळेल असं मी धरून चालले होते. मिळाली बाहेरून आणलेल्या एका माणसाला. मला रेटिंग मिळालं तीन. पाचापैकी तीन म्हणजे काय हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. आमच्या गोदावरीचं अप्रेझल त्यापेक्षा कितीतरी साफ असतं. पात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पुराचं पाणी, कमरेला, छातीला; छातीला लागलं म्हटलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. तिनाला कुणी काय करायचं? तर त्या बाईंसमोर मी पाऊण तास बोलले. राजकारण, अन्याय, बाई असणं, माझे आकडे, त्याचे आकडे. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, “ती जागा मिळाली असती तर तुमचा मंगळवार कसा गेला असता?” आणि त्या गप्प बसल्या. मी गप्प. शेजारी कुणीतरी मिक्सर लावला, चटणी वाटून झाली, मिक्सर बंद झाला, त्या तशाच गप्प. मला इतका राग आला की बास. तासाचे पैसे मोजतेय मी. आणि मग माझ्या तोंडून निघालं, “मला ती जागा नकोच होती. त्या मीटिंगा, ते मुंबईचे फोन, काही नको होतं. मला नाही म्हणायचं होतं. पण मला कुणी विचारलंच नाही.”

एवढंच. त्या तीन-चार मिनिटांच्या शांततेवर मी पुढे नोकरी सोडली, ५०० तास मोजायला बसले, आणि समोरच्याला ती शांतता एक सेकंदही दिली नाही. कुणी विचारत नाही म्हणून रडलेली बाई मी. आता पैसे घेऊन विचारते आणि उत्तरही मीच देते.

ते रेकॉर्डिंग ऐकल्यापासून त्या शनिवारचं आणखी काय काय मी कापलं, ते आठवायला लागलं. सगळं एकदम नाही आठवलं, भाजी चिरताना, सिग्नलला थांबल्यावर, असं तुकड्यातुकड्याने. मी त्याला विचारलं होतं, “बायोडेटात नाही असं तुझ्याबद्दल काहीतरी सांग.” तो पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसला. घरी दोन एकर द्राक्षबाग होती. त्याने सांगितलं की एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या फुटतात, आणि त्या काडीच्या कुठल्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, घड आहे आणि कुठल्यात नुसता पाला, हे मे-जूनमध्येच ठरून जातं. ऊन मिळालं नाही, ढगाळ राहिलं, की घड कमी. पण बाहेरून सगळे डोळे सारखेच दिसतात. म्हणून ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी बागेतल्या चार ठिकाणच्या काड्या लॅबमध्ये न्यायच्या. तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि सांगतात, कितव्या डोळ्यावर माल आहे. त्याप्रमाणे कात्री मारायची. “एक डोळा अलीकडे मारली ना कात्री, मॅडम, तर अख्खं वर्ष नुसता पाला.” हे सांगताना त्याने टेबलावरचं माझं पेन उचललं होतं आणि त्याला काडी समजून नखाने डोळे मोजून दाखवत होता. एक, दोन, तीन. “आमच्या बागेत पाच ते सातवर असतो. वडील डोळे झाकून सहावर मारायचे. मी म्हटलं, तपासून बघू. तर त्या वर्षी चारवर निघाला.”

मी म्हणाले, “छान आहे रे, पण मुलाखतीत शेतीचं नको. त्यांना वाटेल, छाटणी आली की हा सुट्ट्या टाकणार.”

आता खरं सांगायचं तर हा सल्ला चुकीचा नव्हता. मुलाखत घेणाऱ्यांच्या टेबलाच्या त्या बाजूला मी कितीतरी वर्षं बसले आहे. ‘घरी बाग आहे’ म्हटल्याबरोबर दोन साहेब एकमेकांकडे कसे बघतात, हे मला पाठ आहे. त्याला वाचवलंच मी एका अर्थी. पण त्याच मुलाबद्दल आमच्या लाइनवरचा, मशीन लावून देणारा सेटर एकदा सांगत होता की बाकीचे पोरं पहिला पीस काढून सरळ बॅच चालू करतात, हा पहिला पीस काढतो, मोजतो, फरक पडला असेल तेवढा मशीनला ऑफसेट देतो, दुसरा काढतो, पुन्हा मोजतो, वेळ खातो पण माल परत येत नाही. हे मी ऐकलं होतं. बागेचं त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत हे तेव्हा मला जुळवता आलं नाही. व्यक्तिमत्त्व विकास ही माझी भाकरी. व्यक्तिमत्त्व समोर बसून माझं पेन नखाने मोजत होतं, आणि मी घड्याळ बघत होते, कारण तीननंतर आणखी दोघं यायची होती.

परवा त्याला फोन केला. नंबर बदलला नव्हता. सकाळी साडेसातची वेळ, मला वाटलं कामाला जायच्या आधी गाठावं. तिकडून ट्रॅक्टरचा आवाज आणि माणसांची बोलणी. “मॅडम! तुम्ही? थांबा, जरा बाजूला होतो.” चाकणलाच आहे तो अजून, पण छाटणीसाठी आठ दिवसांची सुट्टी टाकून घरी आलाय. म्हणजे ते दोन साहेब बरोबरच होते. सुरगाण्याकडून छाटणीची टोळी यायची होती, तिची वाट बघत बांधावर उभा होता. लग्न झालं, मुलगी दीड वर्षाची. वडिलांना आता उभं राहून कात्री चालवणं होत नाही. त्याच्या हाताखाली बावीस जणांची लाइन आहे.

“तुमचं वाक्य खरं झालं बघा,” तो म्हणाला.

मी म्हटलं, तेच विचारायला फोन केलाय. त्या दिवशी मी तुला पाच वर्षांनी कुठे असशील विचारलं, तेव्हा तू आधी ‘इथेच’ म्हणाला होतास. इथे म्हणजे कुठे म्हणायचं होतं तुला?

“मी? इथेच?” तो मोकळं हसला. “शक्यच नाही, मॅडम. इथेच म्हटल्यावर कोण नोकरी देईल?” त्याला आठवतच नव्हतं. खोलीतला पंखा आठवत होता, पेढे आठवत होते, मी दोन खाल्ले हेही आठवत होतं. आणि ते वाक्य. ते त्याने बांधावर उभ्या-उभ्या मला म्हणून दाखवलं, एका श्वासात, ‘तांत्रिक कौशल्यं’पासून ‘माझीही वाढ व्हावी’पर्यंत, ‘पोझिशन’सकट. कुठे अडखळला नाही. “आमच्याकडे ट्रेनी येतात ना, त्यांची मुदत संपत आली की मी पण शनिवारी बसवून घेतो त्यांना. हेच पाठ करायला लावतो. तीन पोरं लागली मागच्या वर्षी.”

आनंद झाला की वाईट वाटलं, हे मला अजूनही धड सांगता येत नाही. तीन पोरं लागली ही काय लहान गोष्ट आहे? मी म्हटलं, बरं, ते जाऊ दे. आत्ता विचारते. पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस?

आणि मी गप्प बसले. ठरवून. ओठ दाताखाली धरला आणि मनात मोजायला लागले. एक. तिकडे ट्रॅक्टर बंद झाला. दोन. कुणीतरी लांबून ‘भाऊ’ अशी हाक मारली. तीन. त्याचा श्वास ऐकू येत होता, आत घेतलेला. चार. कात्र्या एकमेकींवर आपटल्यासारखा आवाज आला, बहुतेक टोळी आली होती. पाच.

“हॅलो? मॅडम? आवाज येतोय का माझा? हॅलो?” तो म्हणाला, आणि मग बाजूच्या कुणाला तरी, “रेंज गेली वाटतं इथं,” म्हणत त्याने फोन ठेवला.